वॉशिंग मशीन घेताना आरपीएम किती बघायचा?

प्रश्न असा आहे: ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसे चार, गॅलरी सरकत्या काचांनी बंद केलेली, कपडे आतल्या दोऱ्यांवरच वाळतात. सात किलोचे फ्रंट लोड मशीन घ्यायचे नक्की आहे. पण १०००, १२०० आणि १४०० आरपीएमची तीन मॉडेल समोर आहेत आणि प्रत्येक पायरीला पैसे वाढतात. त्यात घरातल्या जुन्या सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरवर १३०० आरपीएम छापलेले. मग १००० वाले नवे मशीन घेतले तर कपडे आतापेक्षा ओले निघतील का?

उत्तर आधी: १२०० घ्या. १००० आणि १२०० यांतला फरक तुम्हाला जुलैत हाताला जाणवेल. १२०० आणि १४०० यांतला फरक वजनकाटा लावल्याशिवाय कळायचा नाही. आणि जुन्या मशीनवरचे १३०० बघून घाबरू नका, तो आकडा वेगळ्या टबाचा आहे.

ही शेवटची गोष्ट आधी उलगडतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आरपीएम म्हणजे ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो. पण कपड्यातले पाणी बाहेर फेकणारा जोर फक्त फेऱ्यांवर ठरत नाही, तो फेऱ्यांचा वर्ग गुणिले टबाची त्रिज्या या हिशोबाने ठरतो. सेमी-ऑटोमॅटिकचा पिळायचा टब अरुंद असतो, साधारण २६ सेंटिमीटर व्यासाचा धरा. तो १३०० ने फिरला तर कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण २४५ पट जोर पडतो. फ्रंट लोडचा ड्रम ४८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो १००० ने फिरला तर २६८ पट, १२०० ला ३८६ पट आणि १४०० ला ५२६ पट. म्हणजे तुमच्या जुन्या मशीनचे १३०० हे फ्रंट लोडच्या साडेनऊशेच्या बरोबरीचे. टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक बहुधा ७०० च्या आसपास फिरते. टब मोठा असला तरी जोर १३५-१४० पटींच्या पुढे जात नाही. सेमी-ऑटोमॅटिक सोडून टॉप लोड घेणाऱ्या घरांत ‘नव्या मशीनमधून कपडे जास्त ओले निघतात’ ही तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे कारण हे आहे. मशीन बिघडलेले नसते. आरपीएमची तुलना एकाच जातीच्या मशीनमध्ये करायची, फ्रंट लोडची फ्रंट लोडशी.

शब्दाचाही एक घोळ आहे. आपण सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबाला सर्रास ‘ड्रायर’ म्हणतो. तो वाळवत नाही, पिळतो. खरा ड्रायर म्हणजे गरम हवेने पाण्याची वाफ करणारा. फ्रंट लोडमधला स्पिनही पिळणेच आहे. १४०० काय नि १६०० काय, कपडा कोरडा होऊन बाहेर येणार नाही.

आता पिळून पाणी किती निघते ते बघू. स्पिन झाल्यावर कपड्यात जे पाणी उरते ते कोरड्या कपड्याच्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात. युरोपात मशीनच्या लेबलवर यासाठी वेगळी श्रेणी छापावी लागते. ४५ टक्क्यांहून कमी पाणी उरले तर ए, ४५ ते ५४ ला बी, ५४ ते ६३ ला सी, ६३ ते ७२ ला डी, असे करत जी पर्यंत. आपल्याकडे दुकानातला माणूस फक्त आरपीएम सांगतो, उरलेले पाणी कोणी सांगत नाही. सुती कपड्यांसाठी फ्रंट लोडचा ढोबळ अंदाज असा धरता येतो: ८०० ला ७० टक्के, १००० ला ६० ते ६२, १२०० ला ५३-५४, १४०० ला ५० च्या आसपास. हाताने पिळलेल्या चादरीत तिच्या वजनाइतके किंवा त्याहून जास्त पाणी राहते, म्हणजे १०० टक्क्यांच्या पुढे. त्यामानाने कुठलाही स्पिन चांगलाच.

सहा किलो सुती कपड्यांच्या एका धुण्यात हे टक्के लिटरमध्ये मांडू. ८०० ला ४.२ लिटर पाणी कपड्यांतच राहते. १००० ला ३.७, १२०० ला ३.२ आणि १४०० ला ३ लिटर. पहिल्या दोन पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या. तिसरीत जेमतेम पेलाभर पाणी जास्त निघते.

जोर तर १००० वरून १४०० ला जवळजवळ दुप्पट होतो, मग पाणी निम्मे का होत नाही? कारण कपड्यातले सगळे पाणी एका जागी नसते. धाग्यांच्या मधल्या पोकळ्यांतले पाणी सैल असते, ते ५०० च्या आतच निघून जाते. तंतूंच्या बारीक फटींतले पाणी चिकटून बसते, त्याला जोर लागतो. आणि सुती तंतू स्वतः पाणी पिऊन फुगतो. त्याच्या आत मुरलेले पाणी कितीही फिरवा, बाहेर येत नाही, ते फक्त वाफ होऊनच जाते. पॉलिएस्टर मिसळलेल्या टेरिकॉटचा शर्ट १००० वर फिरवायची गरज का नाही, याचेही उत्तर यातच आहे. पॉलिएस्टरचा तंतू आत पाणी जवळजवळ घेतच नाही. साध्या दमट हवेत कापूस वजनाच्या ८.५ टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिएस्टर ०.४ टक्के. त्यातले जे पाणी असते ते बाहेरचे, ते ६०० लाच निघते.

पेलाभर पाण्याला काय एवढे, असे १४०० बद्दल म्हटले तरी १००० आणि १२०० मधल्या अर्ध्या लिटरबद्दल ठाण्यात तसे म्हणता येत नाही. यात हवेचा हिशोब येतो, आणि माझ्या मते मशीन निवडताना आरपीएमपेक्षा तो आधी करावा. २८ अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. जुलैत मुंबई-ठाणे-कोकणात आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते, म्हणजे त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले आणि जागा उरली चार ग्रॅमची. एक लिटर पाणी अशा हवेत जिरवायला सुमारे २५० घनमीटर हवा लागते. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे २८ घनमीटर. म्हणजे एका लिटरमागे नऊ खोल्यांची हवा, तीही पूर्ण भिजेपर्यंत. खिडक्या बंद असतील तर दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही गार लागतात, तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतात. तो वास साबण कमी पडल्याचा नसतो. कपडा बराच वेळ ओलसर राहिला की त्यात उरलेल्या घाम-तेलावर जिवाणू वाढतात, त्यांचा तो वास.

हेच गणित मे महिन्यात नागपुरात करा. ४२ अंशांची हवा घनमीटरला ५६ ग्रॅम धरते. आर्द्रता २० टक्के असेल तर ४५ ग्रॅमची जागा मोकळी. एक लिटर पाणी एका खोलीच्या हवेत मावते. तिथे दुपारी गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडकडीत वाळते, मग ती ८०० ने पिळली होती की १४०० ने, याला काही अर्थ नाही. वर्षातले आठ महिने कोरडी हवा, मोकळी गच्ची आणि ऊन असणाऱ्या घराने स्पिनसाठी जास्त पैसे घालू नयेत. बंद गॅलरी, पावसाळा, गोव्याची किंवा कोकणची किनारपट्टी, घरात लहान बाळ आणि रोज वीस लंगोट अशी परिस्थिती असेल तर १२०० च्या खाली जाऊ नये.

एक अपवाद: वॉशर-ड्रायर, म्हणजे त्याच ड्रममध्ये गरम हवेने वाळवणारे मशीन, घेणार असाल तर १४०० ला अर्थ आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने ०.६५ युनिटच्या आसपास वीज लागते. साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये गळती धरून ती पाऊण ते एक युनिटपर्यंत जाते. तेच पाणी फिरवून काढायला लागणारी वीज यापुढे नगण्य. अशा मशीनमध्ये वाळवण्याआधीचा स्पिन नेहमी सर्वात वरचा ठेवावा. आणि धुण्याची क्षमता आठ किलो असली तरी वाळवण्याची पाच-साडेपाच असते, हे विसरून ड्रम गच्च भरला तर कपडे गरम आणि ओले असे दोन्ही निघतात.

आता मशीनच्या दारावरचा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांच्याकडे वळू. १२०० लिहिलेले मशीन प्रत्येक धुण्याला १२०० ने फिरत नाही. तो आकडा कमाल मर्यादेचा. कॉटन प्रोग्रॅममध्ये तो मिळतो. सिंथेटिकला बऱ्याच मशीनमध्ये ८०० पर्यंतच परवानगी असते, लोकर आणि नाजूक कपड्यांना ४०० ते ८००, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या क्विक वॉशमध्येही बहुधा वेग कापलेला असतो. रोज क्विक वॉश लावून ‘१२०० चे घेतले तरी ओलेच’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या प्रोग्रॅमचा स्पिन किती आहे ते बघावे. वापराच्या पुस्तिकेत प्रोग्रॅमनिहाय तक्ता असतो. दुकानात तोच मागून वाचावा, जाहिरातीचे पत्रक नाही. शिवाय त्या पूर्ण स्पिनमध्येही शिखराचा वेग शेवटची काही मिनिटेच असतो. आधी कपडे पसरवणे, मग ४००-६०० चे छोटे झटके देऊन पाणी पंपाने बाहेर काढणे, आणि मगच पूर्ण वेग.

ही पसरवण्याची पायरी फसली की सगळे फसते. ड्रम हळू फिरवून मशीन तोल तपासते. एका बाजूला ओझे जास्त वाटले तर थांबते, उलटे फिरवून कपडे मोकळे करते, पुन्हा बघते. तीन-चार वेळा जमले नाही तर वेग कमी करून कसेबसे उरकते किंवा स्पिन सोडूनच देते आणि पडद्यावर कंपनीप्रमाणे ‘यूई’ किंवा ‘यूबी’ असे काहीतरी दाखवते. मशीन एवढे का घाबरते, ते आकड्यांत बघा. ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला आणि तोल अर्ध्या किलोने बिघडला, तर ८०० च्या वेगाला ड्रमच्या दांड्यावर सुमारे ८५ किलो वजनाचा ओढा बसतो. १२०० ला तो १९० किलो होतो, १४०० ला २६० च्या पुढे. आणि हा ओढा सेकंदाला वीसपेक्षा जास्त वेळा दिशा बदलतो. बेअरिंग, स्प्रिंग, खालचे धक्के शोषणारे डँपर, सगळे हे झेलत असतात.

तोल बिघडवणारे नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. एकटे ब्लँकेट किंवा एकटी जाड चादर. एकच बाथमॅट. डबल बेडशीटच्या किंवा अभ्र्याच्या पोटात शिरून बसलेले सगळे छोटे कपडे, म्हणून उशांचे अभ्रे आणि शीट एकत्र धुताना अभ्र्यांचे तोंड बंद करून टाकावे. साडीचा दोर. पाच-साडेपाच मीटर सुती साडी ड्रममध्ये पीळ खाते, दुसऱ्या कपड्यांना वेटोळे घालते. ती मोठ्या जाळीच्या पिशवीत सैल घडी घालून, सोबत दोन टॉवेल टाकून, ८०० वर लावली तर नीट निघते. नऊवारीला हेच, फक्त एका वेळी एकच. ओझे फार कमी असणे हेही वाईट. सात किलोच्या ड्रममध्ये एक जीन्स लावली तर तोल राखायला समोर काही नसतेच, दोन-तीन टॉवेल भर घालावेत. फार गच्च भरले तर मात्र कपडे पसरतच नाहीत. भरल्यावर ड्रमच्या वरच्या बाजूला हाताचा तळवा आडवा सहज जाईल एवढी जागा राहिली पाहिजे.

रेनकोट, ताडपत्रीसारखे कापड, गादीचे वॉटरप्रूफ कव्हर मशीनच्या स्पिनमध्ये कधीही टाकू नका. पाणी त्यांच्या आरपार जात नाही, खोळ होऊन पाणी आत साठते. मशीनला तोल बरोबर वाटतो, वेग चढतो, आणि मध्येच ती खोळ फुटते. एका क्षणात काही लिटर पाण्याचा तोल जातो आणि भरधाव ड्रम आतला टब फोडू शकतो. पुस्तिकांत ही सूचना ठळक अक्षरांत असते ती उगाच नाही.

स्पिन कमी पडण्याचे दुसरे मोठे कारण फेस आहे, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रंट लोडमध्ये पाणी थोडे आणि आपटणे जास्त, त्यामुळे हाताने धुण्याची किंवा टॉप लोडची पावडर टाकली की प्रचंड फेस होतो. तो ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या मधल्या अरुंद फटीत दाटतो आणि ड्रमला ब्रेकसारखा धरतो. पंप फेस ओढू शकत नाही, मशीनला वाटते पाणी अजून आहे, स्पिन लांबतो किंवा कमी वेगावर सुटतो. कपडे ओले निघतात, वर साबणही उरतो. फ्रंट लोडचीच पावडर किंवा लिक्विड वापरा आणि पाकिटावरच्या मापाच्या वर जाऊ नका. पाणी मऊ असेल, मुंबईच्या नळाचे असते तसे, तर मापाच्या थोडे खालीच पुरते. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर पूर्ण माप लागते. फेस आधीच झाला असेल तर साबण न घालता एक रिन्स आणि स्पिन पुन्हा लावा.

तिसरे कारण पंपाची जाळी. पुढच्या बाजूला खाली एका कोपऱ्यात छोटे झाकण असते, त्यात नाणी, हेअरपिन, कापसाचा लगदा अडकतो. पाणी हळू निघाले तर ड्रम पाण्यातच फिरत राहतो आणि वेग चढत नाही. महिन्यातून एकदा जाळी काढा, आधी खाली परात ठेवा, दीड-दोन लिटर पाणी येते. ड्रेनचा पाइप जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवलेला हवा. मोरीत नुसता जमिनीवर टाकला तर मशीन भरता भरताच पाणी वाहून जाते, फार उंच नेला तर पंपाला दम लागतो.

मशीन कुठे आणि कशावर उभे आहे याने आरपीएमचा निम्मा फायदा ठरतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या गॅलरीच्या आणि मोरीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. त्यावर मशीन ठेवले की चार पायांपैकी एक अधांतरी. दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हाताने दाब द्या. डुगडुगले तर पाय फिरवून लांब-आखूड करा, वर पाणसळ ठेवून दोन्ही दिशा तपासा, आणि मग प्रत्येक पायावरचा लॉकनट वर बॉडीला आवळा. हा नट आवळायचे राहून जाते आणि महिन्याभरात पाय आपोआप फिरून पुन्हा डुगडुग सुरू होते. चाकांचा प्लास्टिक स्टँड सेमी-ऑटोमॅटिकला चालतो, १२०० च्या फ्रंट लोडखाली तो नको. झाडायला सोपे जाते म्हणून घेतात, आणि मशीन स्पिनला खोलीभर चालत येते. रबरी पॅड गुळगुळीत टाइल्सवर घसरणे थांबवतात, वाकडे उभे मशीन सरळ करत नाहीत.

बेअरिंगबद्दल नेहमी विचारले जाते: जास्त आरपीएम म्हणजे बेअरिंग लवकर जाणार का? वेगामुळे ताण वाढतो हे खरे. पण बेअरिंग बहुधा वेगाने मरत नाही, पाण्याने मरते. त्याच्या पुढे रबरी ऑइल सील असते. ते झिजले, त्याच्या ओठावर साबणाचा थर बसला की पाणी झिरपते, ग्रीस धुऊन जाते, गोळ्या गंजतात. मग स्पिनला विमान उडाल्यासारखा घरघराट येतो. ओळखायचे असेल तर रिकाम्या ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र हलले तर ठीक, ड्रम एकटाच टब सोडून खटखट हलला तर बेअरिंग गेले. ड्रमच्या मागे त्याला दांड्याशी जोडणारा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो. त्याला साबणाच्या थराखालची सतत ओल खाते, म्हणून महिन्यातून एकदा ६० अंशांवर किंवा ‘टब क्लीन’वर रिकामे मशीन चालवावे आणि नंतर दार उघडे ठेवावे. नेहमीचे कपडे १००० किंवा त्याखाली लावून १२०० फक्त टॉवेल, चादरी आणि जीन्सला ठेवले तर कपड्यांना आणि मशीनला दोघांनाही बरे. पावसाळ्यात हा नियम गुंडाळून ठेवा.

मोटारीबद्दल एवढेच: पट्ट्यावर चालणारी, कार्बन ब्रशची जुन्या पद्धतीची मोटार वरच्या वेगाला जास्त आवाज करते आणि ब्रश काही वर्षांनी बदलावे लागतात. इन्व्हर्टर मोटार, म्हणजे ब्रश नसलेली, घ्या. १२०० चा स्पिन ७२ ते ७८ डेसिबलमध्ये बसतो. रात्री अकराला लावणार असाल तर खालच्या मजल्याचा विचार करा, कारण त्यांच्यापर्यंत आवाजापेक्षा स्लॅबची थरथर पोचते.

कपड्याप्रमाणे वेग: टॉवेल, चादरी, जीन्स, बनियन १०००-१२००. सुती शर्ट, कुर्ते, पंजाबी ड्रेस ८००, इस्त्री करायची नसेल तर ६००. शाळेचे पॉलिएस्टरचे गणवेश ६००-८००. लोकरीचे स्वेटर लोकरीच्याच प्रोग्रॅमवर ४००-६००. लोकरीला स्पिन चालतो, तिला हाताने पिळणे आणि टांगणे चालत नाही, आडवे पसरून वाळवावे. हुकवाले अंतर्वस्त्र जाळीच्या पिशवीत. पैठणी आणि रेशीम मशीनकडे नेऊच नये. जास्त वेगाने कपडे फाटतात ही समजूत अर्धीच खरी आहे. झीज होते ती मुख्यतः धुताना होणाऱ्या आपटण्यात, स्पिनला कपडा ड्रमला नुसता दाबून बसलेला असतो. चुण्या मात्र वाढतात, आणि धुणे संपल्यावर तासभर ड्रममध्येच पडून राहिले तर त्या पक्क्या होतात. शिटी वाजली की काढा, एकेक कपडा दोनदा जोरात झटका, मग दोरीवर.

जुने सेमी-ऑटोमॅटिक विकायच्या आधी किंवा ते ठेवणार असाल तर: पिळायच्या टबात कपडे कडेने सारखे बसवा, वर जाळीचे झाकण दाबून घट्ट बसवा, पूर्ण पाच मिनिटे फिरवा. खळबळण्याआधी एक मिनिट पिळून साबणाचे पाणी काढले तर खळबळायला निम्मे पाणी पुरते. वेग हळूहळू कमी होत गेला तर आधी कपॅसिटर बघा, तो स्वस्त भाग आहे. झाकण उघडल्यावर टब थांबत नसेल तर बहुधा ब्रेकची तार तुटली आहे. ती बदलेपर्यंत टबात हात घालू नये, फिरत्या टबात बोटे अडकून मोडतात. टॉप लोडवाल्यांसाठी ‘एअर ड्राय’चे बटण: त्यात हीटर नसतो, झाकणातून हवा ओढत जास्त वेळ फिरवतात. सिंथेटिक कपड्यांना पावसाळ्यात उपयोगी, टॉवेलला फारसे नाही.

तुमच्या बाबतीत १२०० घेऊन १४०० चे वाचलेले पैसे छताच्या दोरीवर रोख लावणारा एक भिंतीचा पंखा आणि गॅलरीच्या वरच्या काचेत एक एक्झॉस्ट, यांत घाला. पिळून निघालेले पाणी मोरीत जाते, उरलेले पाणी हवेत, आणि ती हवा बाहेर गेली नाही तर कुठलाच आरपीएम कामाचा नाही. कपडे दोरीवर चिकटून न घालता चार बोटे अंतर ठेवा, चादर दुहेरी न टाकता दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरवा.

मशीन घरी आल्यावर बसवणाऱ्याला सोडण्याआधी मागचे वाहतुकीचे बोल्ट, म्हणजे प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले, काढलेत का ते स्वतः बघा. तीन किंवा चार असतात आणि ते न काढता स्पिन लावला तर पहिल्याच दिवशी मशीन उड्या मारते. काढलेले बोल्ट फेकू नका, घर बदलताना लागतील. मग तीन-चार टॉवेल, दोन चादरी बॅग तोलायच्या हातकाट्यावर कोरड्या तोला, कॉटन प्रोग्रॅमवर पूर्ण स्पिनने धुवा, बाहेर काढल्याबरोबर पुन्हा तोला. ओल्यातून कोरडे वजन वजा करा, त्याला कोरड्या वजनाने भागून शंभरने गुणा. ३ किलोचे कपडे ४.६ किलो भरले तर ५३ टक्के, म्हणजे १२०० चे मशीन १२०० चे काम करते आहे. ६५ च्या वर आले तर प्रोग्रॅमचा स्पिन, साबणाचे माप, पाय आणि जाळी या क्रमाने तपासा, आणि तरीही फरक पडला नाही तर वॉरंटी चालू असतानाच तक्रार नोंदवा.